हळदीच्या वाफ्यातली डुलकी

‘जरा डोळा लागला होता’ असं आपण सहज म्हणतो. पण ज्याला डोळेच नाहीत, पापण्या नाहीत, अंथरूण-पांघरूण तर दूरच, त्याचाही डोळा लागतो का? लागतो. आणि हा झोपाळू जेमतेम १ मिलिमीटर लांब आहे.

त्याचं नाव सूत्रकृमी. सुताच्या तुकड्यासारखा दिसतो म्हणून सूत्रकृमी. कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर बसलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी हाच ‘निमॅटोड’ असतो. हिंगोली जिल्ह्यात, त्यातही वसमतकडे, हे नाव निघालं की कपाळाला आठ्या पडतात, कारण मुळांवर गाठी करणारा एक सूत्रकृमी हळदीचा जुना वैरी आहे. त्याच घराण्यातल्या एका निरुपद्रवी भाईबंदाने मात्र झोपेबद्दल जे शिकवलंय, ते वाचून मी त्या घराण्याच्या प्रेमातच पडलो.

गांडूळ याचा कोणी लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गांडुळाच्या अंगावर वळी असतात, सूत्रकृमीचं अंग सलग गुळगुळीत असतं. गांडूळ डोळ्यांनी दिसतं, हा बहुतेक वेळा दिसत नाही. आणि संख्येचं म्हणाल तर गांडूळच काय, कोणीच याच्या आसपास नाही. २०१९ मध्ये जगभरातल्या मातीच्या नमुन्यांवरून केलेला हिशेब प्रसिद्ध झाला. जमिनीच्या वरच्या थरातले सूत्रकृमी पृथ्वीवरच्या माणसांना वाटून दिले, तर माणशी सुमारे ५,७०० कोटी येतात. जमिनीवरचे सगळे प्राणी एकेक करून मोजले, तर दर पाचातले चार सूत्रकृमीच निघतील.

नरसाळं लावलं, आता रात्रभर थांबा

गेल्या भाद्रपदात वसमतजवळ एका नातेवाइकांच्या हळदीत उतरलो. पानं कमरेच्या वर गेलेली, गादीवाफ्यातली माती पावसाने गार आणि जड. एका झाडाच्या बुडाशी खुरपं घालून मूठभर माती आणि चार बारीक मुळं पिशवीत घेतली. घरी काचेचं नरसाळं होतं. त्याच्या दांड्याला रबरी नळी लावली आणि नळीला चिमटा मारला. वर चहाची गाळणी ठेवून तिच्यावर मलमलचा तुकडा अंथरला, त्यावर माती पसरली आणि मातीचा तळ भिजेल इतपत पाणी भरलं.

बेअरमान नावाच्या संशोधकाने १९१७ मध्ये काढलेली ही युक्ती आजही प्रयोगशाळांत चालते, कारण ती फार साधी आहे. जिवंत सूत्रकृमी वळवळत मातीतून निघतो, कापडातून वाट काढतो आणि पाण्यात येतो. तिथे त्याला वर पोहता येत नाही, तो बुडत जातो आणि नळीच्या तळाशी गोळा होतो. मेलेला कापडावरच राहतो. सकाळी चिमटा सैल करायचा आणि पहिले चार थेंब काचेवर घ्यायचे.

सकाळ व्हायला अवकाश आहे, तोवर झोपेच्याच गोष्टी.

३०२ चेतापेशींचा संसार

संशोधकांचा लाडका सूत्रकृमी म्हणजे सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. सोयीसाठी एलेगन्स म्हणू. कुजत्या फळांवर, पालापाचोळ्यात, खतात राहतो आणि जिवाणू खातो. पिकाला, माणसाला त्याचा काही त्रास नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत आज जी त्याची जात वाढते, तिचं मूळ इंग्लंडातल्या ब्रिस्टलमधल्या अळिंबीच्या खतात आहे. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये त्याला हाताशी धरलं आणि नशीब उघडलं, त्याचंही आणि जीवशास्त्राचंही.

काचेसारखा आरपार दिसतो. अंड्यातून निघून तीनेक दिवसांत अंडी घालण्याइतका मोठा होतो. एकट्यानेच सुमारे ३०० पोरांना जन्म देतो, कारण बहुतेक एलेगन्स उभयलिंगी असतात. आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. बीजपेशी सोडल्या तर मोठ्या उभयलिंगी कृमीच्या शरीरात मोजून ९५९ पेशी, त्यांपैकी ३०२ चेतापेशी. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही स्वतःचं नाव नाही. याच्या ३०२ जणींपैकी प्रत्येकीला नाव आहे, आणि कोणती कोणाला जोडलेली आहे त्याचा नकाशा १९८६ मध्येच छापून झाला.

या कृमीवरच्या कामातून २००२, २००६, २००८ आणि २०२४ अशी चार नोबेल पारितोषिकं निघाली. २००८चे एक मानकरी मार्टिन चाल्फी. कृमीला स्पर्श कसा कळतो, हे त्यांनी ज्या हत्याराने शोधलं ते कुठल्या दुकानात मिळत नाही: काडीच्या टोकाला चिकटवलेला भुवईचा केस! त्या केसाने हळूच डोक्याशी टेकवलं की कृमी मागे सरतो, शेपटीशी टेकवलं की पुढे पळतो. हा केस लक्षात ठेवा, सकाळी लागणार आहे.

आपल्याकडेही त्याचा मुक्काम आहे. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा या कृमीच्या चेतापेशींमधली मालवाहतूक पाहते, म्हणजे लांबलचक पेशीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पुड्या कशा पोचतात ते. भूल दिली तर ही वाहतूकच बिघडते. म्हणून त्यांच्या गटाने २०११ मध्ये एक बारीक यंत्र प्रसिद्ध केलं. त्यात पातळ पडद्याच्या हलक्या दाबाखाली कृमी भूल न देताच धरून ठेवता येतो. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. केसाहून बारीक जीव, आणि तो जागा असतानाच त्याच्या आतली ये-जा बघायची.

झोपलाय की नुसता पडलाय?

आता मुद्द्याची गोष्ट. घोरत नाही, जांभई देत नाही, मिटायला डोळे नाहीत. मग हा झोपला, हे ठरवायचं कसं?

एलेगन्स वाढताना चार वेळा कात टाकतो, सापासारखी. प्रत्येक कातीच्या आधी दोन-तीन तास तो गप्प पडतो, खाणंही थांबवतो. हे १९७०च्या दशकापासून ठाऊक होतं आणि त्याला नावही होतं, ‘लेथार्गस’. आपण सुस्ती म्हणू. पण सुस्ती म्हणजे झोप नव्हे. काम टाळणारा पोरगा अंथरुणात पडून असतो, तो काही झोपलेला नसतो. आईला ते बरोबर कळतं.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डेव्हिड रायझन आणि त्यांचे सहकारी यांनी आईचीच परीक्षा कृमीला लावली. पहिलं, हाक मारून बघा. ऑक्टॅनॉल नावाच्या द्रव्याचा वास कृमीला सहन होत नाही. जागा असेल तर पटकन मागे सरतो. सुस्तीतला कृमीही सरतो, पण उशिरा. दुसरं, गदागदा हलवा. जोराने डिवचलं की तो चटकन भानावर येतो, म्हणजे बेशुद्ध नव्हता आणि मेलेलाही नव्हता. तिसरी परीक्षा सगळ्यांत अवघड: झोपमोड करा. सुस्तीच्या वेळेत त्याला पडूच दिलं नाही, तर नंतर तो जास्त गाढ पडतो आणि सहज उठत नाही. थकबाकी व्याजासकट वसूल! रात्रभर हळद शिजवण्याच्या कढईपाशी जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी जसा पडतो, अगदी तसं.

तिन्ही परीक्षांत पास. रायझन यांच्या गटाने या सुस्तीला झोपेसारखी अवस्था म्हटलं. पुढे पुरावा वाढत गेला तसतसे संशोधक सरळ ‘झोप’ म्हणू लागले. मलाही तोच शब्द बरोबर वाटतो. कोंबडीच्या, कुत्र्याच्या झोपेला आपण ‘झोपेसारखी’ म्हणत नाही, मग यानेच काय पाप केलं?

झोपमोडीचा आणखी एक प्रयोग २०१३ मध्ये झाला. ‘डॅफ-१६’ हे जनुक बिघडलेल्या कृमींना सुस्तीच्या वेळी झोपू दिलं नाही, तर त्यांतले बरेच दगावतात. झोप ही चैन नाही, हे १ मिलिमीटरच्या जिवालाही लागू आहे.

झोपण्याची ढबही ठरलेली. एरवी नागमोडी वळणं घेत जाणारा कृमी झोपला की सैल पडतो, हॉकीच्या काठीसारखा एका टोकाला वाकून. आणि हो, अधूनमधून तो चक्क कूसही पालटतो.

सूर्याशी नाही, कातीशी बांधलेलं घड्याळ

आपली झोप दिवस-रात्रीवर चालते. याची झोप चालते कातीवर. बाहेर ऊन असो की अंधार, कात जवळ आली की डुलकी. गंमत अशी की या कातीच्या तालाशी जोडलेलं ‘लिन-४२’ हे जनुक ‘पिरियड’ या जनुकाचं नातलग आहे. ‘पिरियड’ म्हणजे माशीच्या आणि आपल्याही शरीरातल्या चोवीस तासांच्या घड्याळाचा एक मुख्य काटा. त्याच घड्याळाच्या शोधासाठी २०१७चं नोबेल दिलं गेलं. एका घराण्यातलं जनुक आपल्याकडे दिवस मोजतं आणि कृमीकडे काती.

सगळ्यांना झोपवणारी एकटी

३०२ चेतापेशींत ‘आरआयएस’ नावाची एकच पेशी आहे. जोडीदार नाही, बहीण नाही, एकटी. २०१३ मध्ये जर्मनीत हेन्रिक ब्रिंगमान यांच्या गटाने दाखवलं की ही पेशी नसली किंवा नीट घडली नाही, तर कातीआधीची झोपच उडते. आणि प्रकाशाच्या युक्तीने हीच पेशी चेतवली, तर चालता चालता कृमी जागच्या जागी थबकतो. झोपेचं बटण आपण कवितेत शोधतो, याच्याकडे ते खरोखर आहे.

२०१७ मध्ये व्हिएन्नामध्ये मानुएल झिमर यांच्या गटाने कृमीच्या डोक्यातल्या बहुतेक पेशींचं काम एकाच वेळी चालू-बंद होताना पाहिलं. कृमी झोपला की त्यांतल्या बहुतेक शांत होतात. ‘आरआयएस’ मात्र जागी असते. गावातले सगळे दिवे मालवले आणि पारावरचा तेवढा जळत राहिला, असं ते दृश्य.

ताप आला की झोप, पोट भरलं की झोप

कातीची झोप लहानपणची. मोठा झाल्यावर एलेगन्स कात टाकत नाही, पण आजारी पडला की झोपतो. प्रयोगशाळेत त्याला २० अंशांच्या आसपास ठेवतात; २६-२७ अंशांपुढे त्याचं पोराबाळांचं गणित बिघडतं. हिंगोलीचा मे महिना ४० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला लगेच समजेल. कृमीला थोडा वेळ कडक उष्णता दिली आणि परत थंड जागी आणलं की तो खाणं-फिरणं सोडून झोपी जातो. ही झोप आणणारी चेतापेशी वेगळी, ‘एएलए’. २०१४ मध्ये दिसलं की ही पेशी निकामी केलेले कृमी अशा झटक्यानंतर झोपत नाहीत आणि जास्त संख्येने मरतात. तापात पोराला उठवू नका, झोपू द्या, असं आजी सांगायची. तिच्या बाजूने कृमीही साक्ष देतो.

उपाशी ठेवून मग चांगलं जेवू घातलं तर? पोटभर खातो आणि पसरतो. हेही २००८ मध्येच नोंदलं गेलं. पुरणपोळीनंतरच्या दुपारच्या झोपेचं मूळ किती जुनं आहे पाहा.

अभ्यासाचंही तेच. एलेगन्सला ब्युटॅनोनचा वास आवडतो. त्या वासासोबत अन्न मिळत नाही, हे वारंवार शिकवलं की तो त्या वासाकडे जाणं सोडतो. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी दाखवलं की हा धडा टिकायला शिकवणीनंतर सुमारे दोन तासांची झोप लागते. ती मोडली की धडा पुसला जातो. दहावीच्या पोरांना पहाटे तीनला उठवणाऱ्या पालकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

लॉजमध्ये २४० खोल्या

एवढ्या लहान जिवावर रात्रभर डोळा कोण ठेवणार? कॅमेरा. थोड्या थोड्या वेळाने फोटो काढायचा, एका फोटोतून दुसरा वजा करायचा. काही उरलं तर हलला, काहीच उरलं नाही तर स्थिर. पेनसिल्व्हेनियात त्यासाठी २४० बारीक खळग्यांची पट्टी केली, एका खळग्यात एक कृमी. नाव ठेवलं ‘वर्मोटेल’, म्हणजे कृमींचं लॉज. खाणं-पिणं खोलीतच.

स्थिरता मोजायची म्हटलं की मला आपलं औंढा नागनाथ आठवतं. तिथे ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या उभारणीचं काम आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंच्या टोकाचे आरसे प्रोटॉनच्या आकाराहून किती तरी कमी अंतराने हलले तरी ओळखणारी ही वेधशाळा. तिच्यासाठी जागा निवडताना जमीन किती शांत आहे ते पाहिलं गेलं. एका जिल्ह्यात जमिनीची शांतता मोलाची ठरली आणि त्याच जमिनीत काती टाकणाऱ्यांची अख्खी वस्ती आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

मुचकुंदालाही मागे टाकणारे

युगानुयुगं झोपलेला मुचकुंद आपल्या पुराणात आहे. सायबेरियात कोलिमा नदीकाठी कायमच्या गोठलेल्या मातीतून काढलेले सूत्रकृमी वितळल्यावर हलू लागले, पोरंबाळंही झाली. ती माती सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीची, असं २०२३ मध्ये जाहीर झालं. पण ही झोप नव्हे. झोपेत शरीराचा कारभार चालू असतो, इथे तो पूर्ण थांबलेला होता.

चिवटपणाचा आणखी एक दाखला १ फेब्रुवारी २००३चा. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्या कोलंबिया यानात आपल्यातून गेले, त्याच यानात एलेगन्सच्या डब्या होत्या. टेक्सासमध्ये विखुरलेल्या अवशेषांत त्या सापडल्या. उघडल्या तेव्हा आत कृमी जिवंत होते.

रात्रपाळीवाले

सगळेच सूत्रकृमी असे गुणी नाहीत. हत्तीरोगाचा जंतूही याच घराण्यातला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हा रोग जुना आहे. आरोग्य कर्मचारी रात्री आठनंतर दार वाजवून बोटाला सुई का टोचतात, हे अनेकांना कोडं असतं. कारण हे की त्याची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडी मारतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात उतरतात, रात्री चावणाऱ्या क्युलेक्स डासाची गाडी पकडायला. डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी ही वेळ १८७०च्या दशकात चीनमध्ये ओळखली. पुढे आणखी एक गोष्ट कळली. माणूस दिवसा झोपू लागला आणि रात्री जागू लागला, तर काही दिवसांत ही पिल्लंही आपली पाळी बदलतात. आपण कधी झोपतो यावर त्यांचं घड्याळ लागतं! शाळेत जंतनाशक दिनाला पोरांना मिळणारी अल्बेंडॅझोलची गोळी याच घराण्यातल्या पोटातल्या जंतांसाठी. ती त्यांच्या पेशींतला सांगाडा उभाच राहू देत नाही. हा सांगाडा नेमका कुठे अडतो, ते उलगडण्यातही एलेगन्सचा हात होता.

हळदीच्या मुळातल्या गाठीवाल्याची मादी तर मुळात घुसली की नासपतीसारखी फुगून जागीच बसते आणि चिकट पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. झाड पिवळं पडतं, कंद भरत नाही. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे या गाठी आता जास्तच बोचतात. निरोगी बेणं, निंबोळी पेंड आणि झेंडू हे त्यावरचे चांगले उपाय. झेंडूच्या मुळांतलं द्रव्य सूत्रकृमीला मारक असतं. दसऱ्याच्या तोरणाआधी तो जमिनीखाली राखण करून आलेला असतो. आणि घराण्यातले काही आपल्या बाजूनेही लढतात. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हा सूत्रकृमी हुमणीच्या अंगात शिरतो, आपल्यासोबतचे जिवाणू सोडतो आणि अळी विटकरी रंगाची होऊन मरते. ते जिवाणू अंधारात मंद उजळतात. ऊसवाले शेतकरी याला ओळखतात.

सकाळ

चिमटा सैल केला. चार थेंब काचेवर घेतले आणि ओळखीच्या एका विज्ञान शिक्षकांकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आधी नुसता उजेड, मग स्वच्छ काचेचे धागे. आठचा आकडा, इंग्रजी एस, पुन्हा आठचा आकडा, अशी त्यांची लगबग. एकाच्या तोंडाशी बारीक सुई दिसली, म्हणजे तो मुळं टोचणारा. दुसऱ्याला सुई नाही, तो जिवाणू खाणारा. मोजायला गेलो आणि वीसच्या पुढे गोंधळलो.

एक मात्र कडेला वाकून स्थिर पडला होता, काठीसारखा. मेलेला असता तर मलमलीतून खाली आलाच नसता. झोपला होता असं मी छातीठोक म्हणणार नाही, पाण्यात प्राणवायू कमी पडला तरी ते सुस्तावतात. आगपेटीच्या काडीला चिकटवलेला भुवईचा केस आम्ही थेंबात उतरवला. पहिल्यांदा हात थरथरला आणि केस बाजूने गेला. दुसऱ्यांदा डोक्याशी टेकला. काहीच नाही. सर म्हणाले, ‘‘थांबा, घाई करू नका.’’ तिसऱ्यांदा टेकवला, आणि किंचित वेळाने तो आळोखेपिळोखे दिल्यासारखा सरळ झाला आणि मागे सरकला.